बाबांच्या फोटोपुढचं संत्रं

स्वयंपाकघरातून संत्र्याचा वास आला आणि मला इथे परदेशात आल्यावर राहायचो तो पॅरामॅटाचा जुना फ्लॅट आठवला. तिथे माझा अमेरिकन फ्लॅटमेट टायलर डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी आपल्या कॉलेजची फुटबॉल फायनल बघत होता. ती जिंकली की टीम संत्र्याचं नाव असलेल्या एका मानाच्या सामन्याला जायची आणि त्या आनंदात तिकडे लोक मैदानावर संत्री फेकायचे.

त्याचे वडील नुकतेच गेले होते. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्याने एक संत्रं ठेवलं होतं. टीम जिंकली. मला वाटलं, हा नैवेद्यच. मी ते सोललं आणि एक फोड त्याच्या हातावर ठेवली.

तो सालींकडे बघत राहिला. "ते मी डॅडच्या नावाने फेकणार होतो," तो हळूच म्हणाला. मी ओशाळलो. तेव्हा इथेच शिकलेलं "नो वरीज, मेट" म्हणत त्याने ती फोड खाल्ली.

माझ्या बाबांना जाऊन आज महिना झाला. त्यांच्या फोटोपुढचं संत्रं माझ्या मुलीने सोललंय.

"इट्स प्रसाद, राइट?" म्हणत तिने एक फोड माझ्या हातावर ठेवली.

टायलरने खाल्ली होती. मी ती नुसती हातात धरून उभा आहे.