सुनावणीतला नमस्कार

ढोके सरांना ओळखत नाही असा वकील नागपूरच्या कोर्टात सापडायचा नाही. निम्म्यांना त्यांनी शिकवलं आणि उरलेल्यांना तोंडी परीक्षेत घाम फोडला. विषय आंतरराष्ट्रीय कायदा, त्यातही घरादारावरून उठवलेल्या माणसांचे हक्क. या विषयावर ते जिनिव्हाला तासन् तास बोलून आले, आफ्रिकेतल्या छावण्यांमध्ये राहून आले, सरकारी समित्यांवर भांडणंही करून झाली. परदेशी मंडळी त्यांना ‘प्रोफेसर चंद्रा’ म्हणत आणि सरांना ते आवडायचं. आवडण्यात गैर काही नाही. पण इथल्या व्हिजिटिंग कार्डावरही चंद्रभान जाऊन नुसतं ‘सी. ढोके’ उरलं, तेव्हा कुणीतरी त्यांचा कान धरायला हवा होता.

तो हक्क एकाच बाईला होता. प्रयागबाई, त्यांची मावशी. सरांची आई लवकर गेली आणि नागपुरातच, इंदोरा वस्तीतल्या एका खोलीत मावशीनं त्यांना वाढवलं. ती बिड्या वळायची, चंदू शेजारी बसून पुस्तकं मोठ्यानं वाचायचा. छप्पन साली बापानं आपल्याला खांद्यावर बसवून दीक्षेला नेलं होतं, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. दारात आलेल्या माणसाला आधी जयभीम, मग पाणी, हा तिचा शिरस्ता. चंदू पाणी विसरला तर ती हसायची, जयभीम विसरला तर टाळक्यात एक बसायची. नवरा गेल्यावर ती सावनेर तालुक्यात, सासरच्या गावी लेकाकडे राहायला गेली. सर बुद्धपौर्णिमेला न चुकता जात. पुढं पुढं फोनवरच भागू लागलं.

निवृत्तीनंतर सरकारनं सरांना एका समितीचं अध्यक्ष केलं. सावनेर भागात एका कोळसा कंपनीला खाण वाढवायची होती आणि त्यात काही गावं उठणार होती. लोकांचं म्हणणं ऐकून समितीनं शिफारस करायची होती. उठणाऱ्या गावांत मावशीचंही गाव होतं. नात्यातलं माणूस बाधित असेल तर अध्यक्षानं तसं आधीच उघड सांगायचं, हे सर पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत आले होते. स्वतःची वेळ आली तेव्हा मात्र ‘सुनावणीच्या दिवशी सांगू’ म्हणून त्यांनी विषय पुढं ढकलला.

तो दिवस उजाडला. सकाळी रेस्ट हाउसवर चहा घेताना बाहेरून बदलून आलेला एक अधिकारी हसत म्हणाला, “सर, आज तयारीनं बसा. हे लोक माइक हातात आला की आधी जयभीम ठोकतात आणि मग तासभर सोडत नाहीत.”

ढोके या आडनावावरून त्याला काही उलगडा झालेला नव्हता. तो करून द्यायला सरांच्या तोंडाला कुलूप लागलं होतं का? उलट ते हसले. अगदी थोडं, चहापुरतं, पण हसले. नात्याचा विषय त्यानंतर त्यांना काढवेना.

मांडवात माणूस मावत नव्हता. दुपारी बायकांच्या रांगेतून प्रयागबाई माइकपाशी आली. मंचावर मधोमध आपला चंदू बसलेला पाहून तिचा चेहरा लेकराच्या बक्षीस समारंभाला आल्यासारखा फुलला. तिनं हात जोडले.

“जयभीम!”

सरांच्या ओठांवर उत्तर आलंच होतं, जन्माची सवय ती. पण शेजारचा अधिकारी गालातल्या गालात हसत त्यांच्याकडेच बघत होता. सरांनी समोरच्या कागदात डोकं घातलं.

“नमस्कार,” ते म्हणाले. “आपलं नाव सांगा.”

प्रयागबाईचे हात क्षणभर तसेच जोडलेले राहिले. मग तिनं ते खाली घेतले, पदर सारखा केला.

“प्रयागबाई आनंदराव रंगारी. लिवून घ्या, साहेब.”

पुढं ती लेकाच्या वावराबद्दल बोलली, विहिरीबद्दल बोलली, गावानं वर्गणी काढून बांधलेल्या विहाराबद्दल बोलली. दर वाक्याला ‘साहेब’ म्हणत होती. त्यात टोमणा नव्हता. परक्या साहेबाशी बोलतात तशी ती बोलली आणि जाऊन बसली. त्यापेक्षा तिनं भर मांडवात कानशिलात दिली असती तर सरांनी सुखानं सोसली असती.

संध्याकाळी ते एकटेच गाडी घेऊन नागपूरला निघाले. अध्यक्षानं तटस्थ राहायला नको का, असं त्यांनी स्वतःला बजावून पाहिलं. पण तटस्थ माणूस नातं उघड सांगून खुर्ची सोडतो, मावशीला नाव विचारत नाही, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार? दुपारी त्यांना मावशीची लाज वाटली होती. आता स्वतःची वाटत होती आणि ती गिळवेना. पाटणसावंगीला त्यांनी गाडी मागं, मावशीच्या गावाकडे वळवली.

मावशीच्या अंगणात शेजारच्या बाया जमल्या होत्या. सरांना पाहून बोलणं थांबलं. प्रेमिला नावाची एक जण मात्र थांबणाऱ्यातली नव्हती.

“हा तुमचा भाचाच न वं मावशी? मंग मायकावर नाव काहून विचारून राहिला होता?”

सर अंगणाच्या कडेलाच थबकले. मावशीनं आपल्याला आता जवळ करावं की हाकलावं, हे तिनंच ठरवायचं होतं.

“काहून म्हंजे?” प्रयागबाई फटकन म्हणाली. “खुर्चीवर बसला होता न थो. तिथं बसल्यावर मावशी नसते न् मामा नसते. त्यानं ओळख दाखोली असती त कंपनीवाले म्हणले असते, साहेब आपल्या लोकाइच्या बाजूनं हाय. कायदाच हाय तसा. होय न गा, चंदू?”

सगळ्या बाया त्यांच्या तोंडाकडे बघू लागल्या. खरं सांगायला सर इतक्या लांबून वळून आले होते. ‘नाही’ एवढाच शब्द म्हणायचा होता.

“हो,” सर म्हणाले. “कायदाच आहे तसा.”

प्रेमिलाचा राग निवळला. शिकलेल्या माणसाचं कसं नियमानं असतं, असं म्हणत बाया उठून गेल्या. प्रयागबाईनं त्यांना आत नेलं, खाटेवर बसवलं, पाण्याचा गिलास हातात दिला आणि दार लोटून घेतलं.

“थे मी लोकाइसाठी सांगतलं, चंदू,” ती हळूच म्हणाली. “तू नको खरं मानून घेऊ.”