ताईसाठी आणलेलं पाणी

ताई पहिल्या बाळंतपणाला सांगलीहून रहिमतपूरला आली, तेव्हा आमच्या नळाला गढूळ पाणी येत होतं. आबा, म्हणजे माझे वडील, आईला म्हणाले, "पोरीला ह्यातला घोटबी द्यायचा न्हाई." ते स्वतः मोटारसायकलला बाटलीबंद पाण्याचे खोके बांधून आणायचे. आम्ही सगळे नळाचंच उकळून प्यायचो.

ताई हसायची. "आबा, मी काय पाव्हणी हाय व्हय?"

"व्हय, लय लाडाची," म्हणत ते सील तोडून बाटली तिच्या हातात द्यायचे.

आठव्या महिन्यात तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ. मलकापूरच्या दवाखान्यात नेलं. पोटुशी बाईला ही कावीळ फार वाईट, असं डॉक्टर सांगत होते तोवर तिची शुद्धच हरपली. ताई गेली. पोटातलं बाळही गेलं.

पुढे आसपासच्या गावांत काविळीचे रोगी वाढत गेले, आणि अन्न खात्याच्या लोकांनी आबा आणायचे त्या बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यावर छापा घातला. कळल्याबरोबर आबा मला म्हणाले, "चल."

पत्र्याची शेड होती. उघड्या टाकीत विहिरीचं पाणी. शुद्ध करायचं यंत्र धूळ खात पडलेलं. बाटलीवर मात्र बर्फाचे डोंगर आणि सरकारी मान्यतेचा खोटा शिक्का. खात्याची माणसं बाटल्या उघडून चरात ओतत होती. कारवाई करणाऱ्या अधिकारी बाई ताईच्याच वयाच्या असतील. आबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"आवं बाई, आधी का न्हाई आला?"

"काका, तक्रारच आली नव्हती."

"तक्रार कोन करनार? पानी गोड लागत हुतं."

मी त्यांना ताईचं सांगितलं आणि विचारलं, ह्याच पाण्यानं झालं हे सिद्ध होईल का?

"हा माल दूषित आहे, एवढं सिद्ध होईल," त्या हळूच म्हणाल्या. "तिनं प्यायलेलं पाणी कुठून आणणार?"

कारखान्याला सील लागलं. खटला अजून चालू आहे, मालक जामिनावर आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय झालं?"

"बंद केलं," आबा म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. तिकडूनच त्यांचा आवाज आला, "मीच पाजलं गं तिला. माझ्या हातानं."

आई त्यांच्या उशाशी जाऊन बसली.