दोन जास्तीच्या भाकऱ्या

माइकसमोर बसल्यावर कौसल्याबाईंनी आधी पदर नीट केला, जणू रेडिओवर त्या दिसणारच होत्या. आमच्या गावच्या रेडिओ केंद्रात आवाज जुळवून घ्यायला मी प्रत्येकाला आधी विचारते, "सकाळी काय खाल्लंत?" ते उत्तर नंतर पुसायचं, ही आमची रीत.

"भाकरी," त्या म्हणाल्या. "दोन उरल्या. पीठ घेताना हात अजून नामदेवचं धरूनच घेतो."

नामदेव त्यांचा मुलगा. चोरीच्या संशयावरून पोलिसांनी उचलून नेला आणि कोठडीतल्या मारानं गेला. ते सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं, कचेऱ्यांमधून सांगून सांगून पाठ झाल्यासारखं. साऱ्या गावानं ऐकलं. मला वाटलं, बाईंना आवाज मिळाला.

दुसऱ्या दिवशी त्या केंद्राच्या पायरीवर बसलेल्या दिसल्या.

"भाकरीचं नाही लागलं?"

ते पुसलं, असं मी सांगितलं. आता कुणी नुसतं पोहे म्हटलं तरी मी ते जपून ठेवते. त्या दोन भाकऱ्या मात्र कुठेच सापडत नाहीत.

त्या दिवशी कौसल्याबाई उठल्या, पदर सावरला.

"तेवढंच त्याचं होतं, पोरी. बाकी सगळं पोलिसांचंच."