दिवाणातली चाकं

दीड वर्ष आमच्या रजया कपाटाच्या डोक्यावर होत्या, कारण दिवाणात चार चाकं होती. नवीकोरी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. पाहुणे आले की आमचे हे फळी उचलून ती दाखवायचे. पाहुणे चहाचा कप सांभाळत वाकायचे आणि काही न सुचून ‘छान आहेत’ म्हणायचे. रबराचा वास रोज रात्री मला यायचा, ह्यांना नाही.

हे भिलईच्या पोलाद कारखान्यात अभियंता. भिलई तेव्हा मध्यप्रदेशात होती. नेहरू नगरात आम्ही नुकतंच घर बांधलं होतं आणि दारात आठशे सीसीची लाल गाडी होती. हे कामावर स्कूटरने जायचे. गाडी मी चालवायचे: मुलीची शाळा, सासूबाईंचा दुर्गचा डॉक्टर, भाजी, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतलं माझं माहेर. शिकवली ह्यांनीच, पण ती रविवारची झोपमोड टळावी म्हणून. त्यामुळे गाडी चालवायची मी आणि गाडीचा विचार करायचा ह्यांनी, अशी वाटणी होऊन बसली.

कारखान्यातल्या काही हौशी मंडळींनी गाड्यांचा क्लब काढला. रसमड्याला एका बंद पडलेल्या कारखान्याचं सिमेंटचं मोठं आवार होतं. तिथे चुन्याच्या रेघा मारायच्या, तेलाचे रिकामे डबे मांडून वळणावळणाची वाट आखायची आणि एकेका गाडीने ती कमीत कमी वेळात पार करायची. डबा पाडला की वेळ वाढवून धरायची. गाडी रोजची, टायरही रोजच्या रस्त्यावरचेच, शर्यतीचे चालणार नाहीत. मात्र रुंदी आणि रिमचा आकार ज्याचा त्याने निवडावा. नियमातली ही शेवटची सवलत ह्यांनी वाचली आणि आमच्या घरातली जेवणं बिघडली.

बारा इंची रिम की तेरा? मूळची बाराची. तेराची घातली की रबराची भिंत बुटकी होते, वळणावर टायर कमी दुमडतो. पण बाहेरून चाक मोठं झालं तर गाडीची ओढ कमी होते आणि हँडल पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासतो. हे सगळं मला पाठ आहे, कारण वरण वाढतानाही तेच ऐकायचे. एका रविवारी ह्यांनी पुठ्ठ्याचं तेरा इंची चाक कापलं आणि ते बसतं का पाहायला सासूबाईंना आणि मला गाडीत बसवलं. वजन हवं होतं! गाडी पोर्चमध्ये उभी, हे खाली आडवे, आणि आम्ही दोघी सकाळभर आत घामाघूम.

“कावून बसवून ठेवलं रे आमाले?” सासूबाई शेवटी ओरडल्या. “गाडी तं कुठीच चालून नाही राहिली!”

पुठ्ठा घासला. मग पुन्हा बाराच, पण टायर थोडे रुंद, असं ठरलं. त्यासाठी वेगळ्या चार रिम्स घेतल्या, टायर नागपूरहून मागवले, आणि सगळं दिवाणात गेलं. त्यांना हात लावायचा नाही. माझ्या सासरी नवा टॉवेलसुद्धा पाहुण्यांसाठी राखून ठेवतात, तिथे टायरांचं काय! स्पर्धा एकदा पावसामुळे पुढे गेली, एकदा कारखान्यातल्या दुरुस्तीच्या कामामुळे. टायर तसेच आत, त्यांच्यावरचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. त्या केसांना हे पाहुण्यांचं बोटही लागू देत नसत.

सराव मात्र जुन्या टायरांवर चालायचा, आणि तिथेच मला चटक लागली. एका गाडीवर दोघांनी उतरलं तर चालत होतं. मी म्हटलं, माझंही नाव द्या. ह्यांनी हसत दिलं. सरावात दोनदा माझी वेळ त्यांच्यापेक्षा कमी भरली. दोन्ही वेळा ह्यांनी सांगितलं की घड्याळ उशिरा दाबलं गेलं. म्हणून मला स्पर्धेतली, दुसऱ्याच्या घड्याळावरची एक वेळ हवी होती. बक्षीस नको होतं. भाजी आणि डॉक्टर यांच्यापलीकडे मला गाडी खरंच येते का, एवढंच कळायला हवं होतं.

स्पर्धेच्या दिवशी नवी चाकं मागच्या सीटवर टाकून आम्ही निघालो. ती तिथे जाऊन लावायची आणि घरी येताना पुन्हा जुनी, कारण मधल्या रस्त्यावर घासायला नकोत. मी म्हटलं, “अहो, निदान थोडी चालवून तरी पाहा. कोरं रबर निसटेल.”

“तुले काय समजते त्यातलं? नवीन हायेत ते.”

आधी हे उतरले. पहिल्याच वळणावर गाडी सरळ गेली. हँडल वळलेलं, गाडी सरळ. दोन डबे आडवे झाले. दुसऱ्या फेरीला हे इतके जपून गेले की कडेचे लोक गप्पा मारायला लागले. खाली उतरले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पुढची पाळी माझी होती.

मी जॅक काढला. “जुनी लावते मी.”

“येडी झाली का? एवढे टायर आणले कशासाठी?”

“ते मला माहीत नाही. मला माझी गाडी पायजे.”

मी पदर खोचून पहिला नट सैल केला. लोक पाहत होते. मग हे रागारागाने आले, माझ्या हातून पाना घेतला आणि चारही चाकं बदलली.

जुन्या टायरांवर गाडी माझ्या ओळखीची होती. कुठे ती कुरकुरते, कुठे मागून हलकी होते, मला सगळं ठाऊक. दोन्ही फेऱ्यांत एकही डबा पडला नाही. माझी वेळ पुकारली तेव्हा तिच्याहून कमी वेळ फक्त दोन गाड्यांची होती. मी दार उघडून बाहेर आले. पाच-सहा जण धावत आले आणि सरळ चाकांपाशी उकिडवे बसले.

“साहब, कौन-सा साइज़ है?” त्यांनी ह्यांना विचारलं. “हवा कितनी रखी?”

आणि आमचे हे सांगायला लागले! जुनं रबर घासून कसं पकड घेतं, बाराची रिमच इथे कशी बरोबर, पुठ्ठा लावून कसं मोजलं, सगळं. हात हलवून, खुलून. मी शेजारी उभी. एकाने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा टायरावर अंगठा दाबला.

मी चावी ह्यांच्यापुढे धरली. “हेच टायर. अजून गरम आहेत. तुम्ही चालवा.”

“फेऱ्या झाल्या माझ्या.”

“घड्याळवाले भाऊ मोजतील. विचारलं मी.”

इतक्या लोकांसमोर नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. गेले. मनापासून चालवली, मी पाहत होते. डबा एकही पडला नाही. घड्याळवाल्याने वेळ सांगितली, ती माझ्यापेक्षा बरीच जास्त होती. उकिडवे बसलेले उठले. कोणी हवेचं विचारलं नाही. कोणी मलाही काही विचारलं नाही, जो तो आपल्या गाडीकडे गेला.

मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले. ह्यांनी गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात हँडलवर ठेवले. मग हळू आवाजात म्हणाले, “त्या तिसऱ्या डब्यापाशी तू ब्रेक कुठं मारते वो?”

लग्नाला इतकी वर्षं झाली, गाडी चालवण्याबद्दल ह्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. उलट सगळा राग त्या साध्या प्रश्नावर निघाला.

“नाही सांगत,” मी म्हटलं.