सिनेटरचं सुतक

मॅट्रिक होऊन वर्ष होत आलं होतं आणि मी पुणतांब्याच्या घरात एका रोमन माणसापायी अडकून पडले होते. वडील नगरच्या हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मोतीबिंदूने नजर गेली, पण रोमच्या पहिल्या बादशहांच्या काळातल्या एका सिनेटरचं चरित्र मराठीत लिहायचं खूळ काही गेलं नाही. इंग्रजी ग्रंथ मी वाचायचा, ते सांगतील ते मीच लिहायचं. "हा मरेपर्यंत थांब, मग तू पुण्याला कॉलेजात," असं त्यांनी कबूल केलं होतं.

पण हा मेला मरेल तर शपथ. आधी त्याची दोन लग्नं, मग सासऱ्याचं राजकारण, मग दत्तक घेतलेला भाचा, मग जावयाची मिजास. इकडे महायुद्धामुळे कागद मिळेना, तर जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर लिहा. त्याच्या मुलींचे थाट लिहून लिहून माझी बोटं दुखायची, आणि यांना आपली मुलगी समोर बसली आहे याचं भान नाही. असा संताप यायचा की सांगता सोय नाही.

जून उजाडला, कॉलेजं उघडायला आली. एका सकाळी मी सरळ तीन प्रकरणं गाळली आणि त्याचा शेवट वाचला. बादशहाचा हुकूम आला, याने हाताच्या शिरा कापून घेतल्या, संपला.

वडील जागेवरून उठले. मग म्हणाले, "पंचा दे. नदीवर जाऊ."

मी हात धरून त्यांना गोदावरीवर नेलं. धुणं धूत बसलेली एक बाई कळवळून म्हणाली, "कोन गेलं वो मास्तर?"

"घरचंच माणूस होतं," म्हणाले आणि बुडी मारली. हसावं की रडावं, मला कळेना. पण पीडा टळली, आता ट्रंक भरायची, एवढंच डोक्यात होतं.

घरी येऊन कोरडं नेसून ते पुन्हा आपल्या जागी बसले. "हं, वाच पुढं."

"पुढं काय? गेला ना तो. आता मी पुण्याला जाते."

"अगं, तो गेला, पण त्याची बायकामुलं उघड्यावर पडली. बादशहा घरावर जप्ती आणणार. त्यांना असं वाऱ्यावर सोडून कसं चालेल?"

"आणि माझं काय?"

"तुझी कसली काळजी? तू तर घरातच आहेस."