मोठी टायरं आणि दादांची पायरी

माझ्या जीपची जुनी टायरं झिजली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या वेळी मी सगळ्यांना उलटं सांगितलं होतं. नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक होती. भूमला माझं दुकान, तिथून बारा-तेरा किलोमीटरवर गाव, आणि गावापासून पांदीनं, म्हणजे बैलगाडीच्या वाटेनं, शेत. एवढ्या फिरण्याला ती आणखी दोन वर्षं सहज पुरली असती. मला ती बदलायची होती, कारण माझ्या मित्रांच्या गाड्यांची टायरं मोठी होती.

आम्ही चौघे मित्र. सगळेच पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. रविवारी माळावर, कोरड्या ओढ्यांतून, दगडगोट्यांतून आपापल्या फोर-बाय-फोर गाड्या घालायच्या, एखादी अडकली की दोर लावून ओढायची आणि मग कडुलिंबाखाली बसून भजी खायची, हा आमचा खेळ. माझी जीप जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, पण इंजिनाला दमदार. एका रविवारी ती ओढ्याच्या वाळूत रुतली. एक मित्र खाली उतरला, चाकांकडे वाकून बघितलं आणि म्हणाला, "म्हशीला शेळीचे पाय लावलेत रं तू. निघंल कशी ही?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर गाडीतच बसून होतं.

बायकोनं विचारलं, "टायरं खराब झाली का?"

मी म्हणालो, "झिजली. आणि पांदीत चिखल झाला की ही गाडी शेताला जात नाही. यंदा दादांची येळवस चुकायला नको."

वडलांना आम्ही दादा म्हणतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून ते आणखी कमी बोलतात. दोन्ही गुडघे गेलेत, काठी लागते. शेत वाट्यानं दिलेलं असलं तरी वर्षातला एक दिवस ते शेताला गेल्याशिवाय राहत नाहीत, आणि तो दिवस म्हणजे येळवस. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे घरंच्या घरं शेतात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून तिथं पूजा मांडायची, मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील असं जेवण करायचं, आणि आंबिलीचं मडकं घेऊन उभ्या ज्वारीच्या कडेनं फिरत ती पिकावर शिंपडायची. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही.

म्हणजे मी बायकोला सांगितलेलं कारण खोटं नव्हतं. पण टायरं घेताना माझ्या डोक्यात येळवस नव्हती, वाळू होती.

येरमाळ्याला हायवेवर एक टायरवाला आहे. त्यानं टायरं मागवून घेतली. उंच, रुंद, जाड बटणांच्या नक्षीची, डांबरावरही चालणारी आणि चिखलातही धरणारी. बसवून झाल्यावर त्यानं स्टेअरिंग पूर्ण फिरवून बघितलं, तर डावीकडचं पुढचं टायर पायरीच्या कोपऱ्याला घासत होतं.

या पायरीबद्दल सांगायला हवं. जीपला मुळात ती नव्हती. गुडघे दुखायला लागले तेव्हा दादांनी स्वतः गावातल्या वेल्डरकडे बसून ती करून घेतली होती. दोन लोखंडी पट्ट्या, मध्ये आडवी पट्टी, आणि पाय घसरू नये म्हणून वर जुन्या टायरचा तुकडा बोल्ट मारून बसवलेला. किती उंचीवर असावी हे त्यांनी मोजमाप घेऊन नाही, पाच-सहा वेळा पाय टाकून ठरवलं होतं. वेल्डर वैतागला होता म्हणे. डाव्या हातानं दारापुढचा दांडा, उजवा पाय पायरीवर, एक हुंकार आणि दादा आत. कुणी हात पुढे केला तर म्हणायचे, "सरक बाजूला. गाडी मला वळखती."

टायरवाला वाकून म्हणाला, "साहेब, ह्यो पुढचा कोपरा दोन बोटं कापतो. मंग लागत न्हाय टायर. पायरी ऱ्हाऊ द्या, कामाची दिसतीय."

मी पायरीकडे बघितलं. त्या नव्या काळ्या टायरांशेजारी ती गंजकी पायरी फार गावंढळ दिसत होती. मित्र काय म्हणतील तेही मला ऐकू आलं.

"पूर्ण काढा," मी म्हणालो.

"पूर्न?"

"पूर्ण. ट्रॅक्टरसारखं दिसतंय."

त्यानं ग्राइंडर लावला. दोन-तीन मिनिटांत काम झालं. पायरी खाली पडली तेव्हा मी टायरांचे फोटो काढत होतो.

त्या वर्षी येळवसेच्या दोन दिवस आधी अवकाळी पाऊस पडला. काळ्या रानातली पांद लोण्यासारखी झाली. बायको आणि चुलत भावजय स्वयंपाकाच्या पाट्या घेऊन शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमधून सकाळीच पुढे गेल्या. ट्रॉलीत चढणं दादांना जमत नाही, त्यांना मी जीपमधून नेणार होतो. माझे तिघे मित्रही जेवायला आले होते. आपापल्या गाड्या गावात ठेवून ते मुद्दाम माझ्या जीपमधून येणार होते, टायरांची परीक्षा बघायला.

दादा ओट्यावरून उतरले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात काठी. जीपजवळ आले, डाव्या हातानं दांडा धरला आणि न बघताच उजवा पाय उचलून पुढे टाकला. पाय हवेतून खाली आला.

त्यांनी खाली बघितलं. पुन्हा पाय उचलला. जीप आता चार बोटं उंच झाली होती आणि पायरी नव्हती. गुडघा तेवढा वर येईना. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला, तरी पाय वर गेला नाही.

"धरू का, दादा?"

"नगं."

एक मित्र पुढे झाला. चांगल्या मनानंच. "काका, उचलून बसवितो की. काय वझं हाय तुमचं?"

"पोतं न्हाय मी," दादा म्हणाले. हसून म्हणाले, पण पाय खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "पायरी कुठं गेली रं?"

"मोठ्या टायरला आडवी येत होती, दादा. मिस्त्री म्हणाला, काढावीच लागते. इलाज नव्हता."

त्यांनी मान हलवली. मिस्त्रीच्या शब्दाला त्यांच्या लेखी वजन असतं. ज्याला हातातलं काम येतं तो खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत आहे. मी त्या मताचा वापर केला.

"मग जावा तुमी," ते म्हणाले. "आंबील तू शिंपड. घरी कुनीतरी पायजेच की."

येळवसेला घरी कुणीही लागत नाही. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी एकदा म्हणालो, "चला ना, दादा." एकदाच. मित्र गाडीत बसले होते, इंजिन चालू होतं. ज्या ओट्यावरून ते उतरले होते, तो जीपपासून दहा पावलांवर होता. त्याची उंची जवळजवळ सीटएवढी. ते मला सुचलं नाही. खरं म्हणजे मी विचारच केला नाही.

जीप पांदीत घातली आणि टायरांनी कमाल केली. जिथं बैलगाडीचा आस टेकावा तिथून ती चिखल उडवत सरळ निघाली. मित्र ओरडत होते, "आता म्हशीला म्हशीचे पाय आले!" मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं आज आठवतं तेव्हा सगळ्यात जास्त लाज वाटते.

आंबील शिंपडायची दादांची एक पद्धत आहे. सगळ्या कडेनं फिरून झालं की मडक्यातली शेवटची ओंजळभर आंबील ते राखून ठेवतात आणि ओघळीपलीकडच्या कोपऱ्यात, बाभळीपाशी, नेऊन टाकतात. लहानपणी मी कारण विचारलं होतं. म्हणाले होते, "रानातल्या मधल्या ताटाला समदेच इचारतात. कडंच्याला आपुन इचारायचं."

मी तीन बाजूंनी फिरलो. ओघळीत चिखल होता, बूट नवे होते, आणि मित्र बांधावरून हाका मारत होते, "चल रं, दिवस हाय तवर ओढ्यात गाडी घालू!" मडक्यात उरलेली आंबील मी तिथंच, ओघळीच्या अलीकडे ओतली.

दिवस मावळताना घरी आलो. दादा ओट्यावर बसले होते. आमची गल्ली अजून रिकामीच होती. दिवसभर ते तिथंच बसून होते की काय, हे मी विचारलं नाही. बायकोनं त्यांच्यासाठी डबा आणला होता. उंडा कुस्करता कुस्करता त्यांनी विचारलं, "कोपऱ्याला गेलतास?"

"गेलो होतो."

"बाभळीपतूर?"

"होय, दादा."

"बेस केलं," ते म्हणाले आणि जेवू लागले.

माघात ज्वारी हुरड्याला आली आणि रानडुकरं शिरली. वाटेकऱ्याचा फोन आला. नुकसान फार नव्हतं, पण झालं ते नेमकं बाभळीच्या कोपऱ्यात. तिथली ज्वारी लोळवून टाकली होती. मी दादांना सांगितलं. मला वाटलं, ते डुकरांना शिव्या देतील.

ते म्हणाले, "बराबर हाय. येळवस मोडली मी."

"दादा, डुकरांचा काय संबंध?"

"तू गेलतास कोपऱ्याला, तुझं काय चुकलं न्हाय. मीच न्हाय गेलो. उचलून घ्यायची लाज वाटली मला. उचलून घेतलं असतं तर काय झिजलो असतो का?"

रानडुकरं आंबील बघून येत नाहीत. हे मला कळतं, त्यांनाही कळतं. त्यांनी जन्मभर शेती केली आहे. पण त्यानंतर जो कुणी भेटायला येई त्याला ते हेच सांगू लागले. माझ्या म्हातारपणाच्या ताठ्यानं येळवस मोडली, पोरानं बिचाऱ्यानं समदं नीट केलं. पोरानं नीट केलं, हे ऐकायला मी शेजारी बसलेला असायचो.

दहा-बारा दिवस असे गेले. मग येरमाळ्याला गेलो. वाटत होतं, ती पायरी परत बसवली की बोलावं लागणार नाही.

टायरवाल्यानं मला ओळखलं. "ती व्हय? ती तवाच भंगारात गेली की. म्या म्हनलं न्हवतं का साहेब, ऱ्हाऊ द्या म्हून?"

"म्हणाला होतात," मी म्हणालो.

नवी करून देतो म्हणाला. मी नको म्हणालो. तसाच गावी गेलो. सकाळची दहाची वेळ असेल. दादा ओट्यावर उन्हाला बसले होते. मी खाली, जमिनीवर बसलो आणि सांगितलं.

आधी पायरीचं सांगितलं. मिस्त्री ठेवा म्हणत होता, मीच कापायला लावली, मला ती वाईट दिसत होती. हे सांगता सांगता मी बाहीनं डोळे पुसले. मला वाटत होतं, हाच माझा मोठा गुन्हा.

दादांनी ऐकून घेतलं. "लोखंड हाय," ते म्हणाले. "परत जोडता येतं. त्यात रडाय काय झालं?"

मग मी कोपऱ्याचं सांगितलं. ओघळीपलीकडे गेलो नव्हतो. आंबील अलीकडेच ओतली. दोनच वाक्यं.

दादांनी काठी हातात घेतली. काठीच्या टोकानं ओट्याच्या फरशीतली माती उकरत राहिले. शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला, बंद केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बाभळीपतूर म्हनलास की तू."

"होय."

"मी जेवलो त्यावर."



मग ते उठले, आत गेले, आणि तांब्याभर ताक घेऊन आले. म्हणाले, "गाडी ओट्याला लाव."

मी जीप मागे-पुढे करून ओट्याला चिकटवून उभी केली. दार उघडलं. ओटा आणि सीट यांत वीतभरच अंतर उरलं. दादांनी दांडा धरला, पाय आत टाकला आणि बसले. उचलावं लागलं नाही, हात द्यावा लागला नाही. इतकं सोपं होतं ते.

पांद आता वाळली होती. शेतात मी जीप बांधाला लावली, ते बांधावर उतरले. काठी टेकत ओघळीपर्यंत आले. पुढचा उतार त्यांना झेपणारा नव्हता. त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि तिथंच बांधावर बसले.

"जा."

मी ओघळ उतरलो, पलीकडे चढलो. बाभळीखाली ज्वारी आडवी पडली होती, डुकरांनी माती उकरली होती. पाच-सहा ताटं उभी होती. येळवसेची जी आरोळी द्यायची असते ती माझ्या तोंडून निघेना. मी नुसतंच ताक त्या ताटांच्या बुडाशी ओतलं, तांब्या उपडा केला आणि मागे वळून बघितलं. दादा माझ्याकडेच बघत होते. हाताचा आडोसा डोळ्यांवर धरून, नीट बघत होते.

परत आल्यावर त्यांनी तांब्या हातात घेऊन आत डोकावून बघितलं. मग काठीनं जीपच्या पुढच्या टायरवर दोनदा ठोकलं.

"टायरं चांगली हायत," म्हणाले. "ऱ्हाऊ दे. पायरी तेवढी करून घे."

"उद्याच करतो, दादा."

बांधावरून ते गाडीत बसले. मी दार लावलं. काचेतून समोर बघत ते म्हणाले, "येत्या येळवसेला कोपऱ्याला तूच जायचं. मी हितं बांधावर बसून बघनार हाय."