प्लेटा आमच्याकडे

डबा त्यांनी उघडलाच नाही.

थीम पार्कच्या पार्किंगमध्ये आमच्या मराठी मंडळाची बस उभी होती. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून नाश्ता बाहेरच उरकायचं ठरलेलं. बसच्या सावलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. मधोमध घराघरातून आलेले डबे. शिरा, उपमा, दडपे पोहे, कोथिंबीर वडी. त्या रांगेत मी माझा डबा ठेवला. कडीचा, स्टीलचा. आत धपाटे होते. पहाटे उठून थापलेले, वर तीळ लावलेले, सोबत शेंगदाण्याची चटणी.

ऋचा नावाची एक नवी मुलगी समोर बसली होती. पुण्याहून नुकतीच आलेली, नवरा-बायको दोघंही कॉम्प्युटरवाले. तिने हात पुढे केला.

"धपाटे आहेत का काकू? वास किती भारी येतोय!"

तिचा हात पोचायच्या आधी सुलभाताईंचा हात पोचला. सुलभाताई म्हणजे मंडळाच्या प्रमुख. त्यांनी डबा कडीला धरून उचलला.

"अगं, तू कशाला त्रास घेतलास? तुझ्याकडे प्लेटा होत्या ना!"

मग बसच्या ड्रायव्हरला हाक मारली. "यादगिरी, ये लो भैया, तुम खा लो." आणि आमच्याकडे वळून, "बिचारा सकाळपासून उपाशी असेल."

"किती विचार करता हो ताई तुम्ही सगळ्यांचा," कुणीतरी म्हणालं.

ऋचाने हात मागे घेतला आणि कोथिंबीर वडी उचलली. माझ्या हातात कागदी प्लेटांचा गठ्ठा होता. काय करावं कळेना. मी तो फोडला आणि वाटायला लागले.

त्याच प्लेटांत सगळ्यांनी खाल्लं.

आता मी कोण ते सांगते. दिलसुखनगरला माझं दुकान आहे. परकर, ब्लाउजपीस, फॉल, अस्तर. सुरुवात फुटपाथवर झाली, प्लास्टिकच्या कागदावर परकर मांडून. पोलीस आला की कागदाची चारी टोकं धरून पळायचं. आज माझ्या दुकानाला शटर आहे, पंखा आहे, दोन बायका कामाला आहेत. मलकपेठेत आमचा फ्लॅट आहे. हे मला कुणी दिलेलं नाही. मी भांडून, भाव करून, एकेक वस्तू उलटसुलट करून बघून मिळवलंय. बेगम बाजारातले घाऊकवाले मला लांबून बघितलं तरी म्हणतात, "लो, आ गई अम्मा, आज अपना धंदा गया." मी डोक्याने तापट आहे, तेही सांगून ठेवते. कापडात एक गाठ दिसली तर मी अख्खा तागा परत पाठवते.

आमचं मूळ गाव उदगीरकडचं. घर गावाच्या कडेला, जिथे गाव आमच्यासारख्यांना ठेवत आलंय तिथे. आजोबांनी दीक्षा घेतली. आम्ही बौद्ध. मलकपेठेच्या घरात हॉलमध्ये निळ्या सुटातला फोटो आहे, दारातून पहिल्यांदा तोच दिसतो.

मंडळात मी स्वतःहून गेले. पोरांना मराठी यावं म्हणून. घराबाहेर तेलुगू, दुकानात दखनी, शाळेत इंग्रजी. थोरली आठवीत आहे आणि मराठीचं पुस्तक हातात दिलं तर अक्षर अक्षर जोडून वाचते. म्हटलं, चार मराठी माणसांत उठबस होईल.

सुलभाताई वर्गणीची पावती द्यायला घरी आल्या होत्या. सोफ्यावर बसल्या, फोटोकडे बघितलं. मी चहा ठेवला. "आत्ताच घेऊन आले गं," म्हणाल्या. कपावर साय धरली. मला वाटलं, विद्यानगरच्या मोठ्या घरातली बाई, आपला उकळून काळा केलेला चहा आवडणार नाही.

त्यानंतर प्लेटा आमच्याकडे आल्या.

मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, कोण काय आणणार हे सुलभाताई ठरवतात. कुणाला पुलाव, कुणाला कोशिंबीर, कुणाला गुलाबजाम. आम्हाला प्लेटा, ग्लास, पाण्याच्या बाटल्या. फार तर केळी. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "तुझ्यासारखा भाव कुणाला करता येतो? आम्हाला लुटतात गं ते बेगम बाजारवाले." मला किती बरं वाटलं होतं! मी प्लेटांसाठी असे सौदे केले की काय सांगू. "इत्ते पतले प्लेटां नक्को मियां, रस्सा गिरा तो लोगां मेरेकू गाली देंगे." मग तो आतून जाड प्लेटा काढायचा, आणि मी त्या पातळच्या भावात आणायचे. कार्यक्रमात प्लेट वाकवून दाखवायचे सगळ्यांना. बघा, वाकतसुद्धा नाही. सगळे म्हणायचे, वा!

मला, जी कापडातली गाठ अंधारात बोटाने शोधते, तिला हे असं फसवलं. माझ्याच हुशारीला हार घालून.

पोरीने ओळखलं. गणपतीच्या जेवणाआधी म्हणाली, "मम्मी, आपल्याला कुकिंग कधीच का नाही देत?" मी तिच्यावरच ओरडले. आपल्याला दुकान असतं, त्यांना कळतं तेवढं, म्हणून सोपं काम देतात. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मग या सहलीला ऋचाच्या घराला शिरा सांगितला. त्या मुलीने सगळ्यांदेखत सांगितलं होतं की तिला गॅस पेटवायचा कंटाळा येतो, ती शिरा हॉटेलातून आणेल. चालेल, म्हणाल्या सुलभाताई. हॉटेलातला चालेल.

मग मी ठरवलं. माल हातात घेऊन बघायचा. प्लेटा तर नेईनच, पण सोबत धपाटेही नेईन. खाल्ले तर पोरगी चुकली, आणि मी तिला आईस्क्रीम घेऊन देईन. खरं सांगते, पहाटे पीठ मळताना मी पोरगी चुकावी म्हणूनच मळत होते.

नाश्ता झाल्यावर सगळे आत गेलो. तिकिटाचा पट्टा मनगटाला बांधला. सगळ्यांना एकाच रंगाचा.

धाकट्याला प्रत्येक पाळण्यात बसायचं होतं. "मम्मी, ये वाला! मम्मी, आता तो वाला!" मी बसले. उलटं करणाऱ्या पाळण्यात, फिरणाऱ्या कपात, गोल गोल जाणाऱ्या घोड्यांवर. पोरं किंचाळत होती, हसत होती. मी हसत होते का, आठवत नाही. सकाळपासून अंगात एक जडपणा भरला होता. रागाचं मला माहीत आहे. राग आला की माझे हात चालतात. हा राग नव्हता. फार वर्षं डोक्यावर बोजा वाहावा आणि एक दिवस कुणी सांगावं की आत दगड आहेत, तसं वाटत होतं.

मग लाटांचा हौद. तिथे साधे कपडे चालत नाहीत, नायलॉनचे भाड्याने घ्यावे लागतात. सुलभाताईंनीही घेतले, गुडघ्यापर्यंतचे, निळे. आदल्या दिवशी ते कुणी घातले होते, कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नाही. पाण्यात शेकडो माणसं. मारवाडी, तेलुगू, बुरख्यातल्या बायका, लष्करातली पोरं, तान्ही मुलं, आणि तान्ही मुलं पाण्यात जे करतात तेही त्यातच. भोंगा वाजला. लांबून लाट आली. सुलभाताई माझ्या शेजारी होत्या. त्या घाबरल्या आणि माझं मनगट धरलं. घट्ट. नखं रुतली.

"सोडू नकोस गं!" त्या ओरडल्या.

मी नाही सोडलं. लाट गेली. त्यांनी हात सोडला, हसल्या, तोंडावरून पाणी पुसलं. माझ्या मनगटावर नखांच्या खुणा होत्या. मी त्या बघत उभी राहिले. हात चालतो. हातचं चालत नाही.

नवरा शेजारी आला. तो शांत माणूस आहे, विजेच्या खात्यात नोकरीला.

"काय झालंय तुला? सकाळपासून गप्प गप्प हायस."

"डबा बघितला ना तुम्ही?"

"बघितला." त्याने पोरांच्या दिशेने मान वळवली. "सोड. पोरांना आणलंय ना आपण फिरायला."

त्याने बघितलं होतं. त्यालाही कळलं होतं. तोही शिऱ्याच्या प्लेटेकडे बघत जेवला होता.

चार वाजता सगळ्यांना भूक लागली. आत खाण्याचे स्टॉल आहेत, एका मोठ्या पत्र्याखाली. डोसे, छोले भटुरे, नूडल्स. तव्यावरचा धूर, ओल्या केसांची माणसं, रांगा. सुलभाताईंनी मला हाक मारली.

"अगं, सगळ्यांचं एकदमच घेऊ. तू बोल ना त्याच्याशी. इतके लोक आहोत म्हणावं, काहीतरी कमी कर. तुला छान जमतं."

मी गेले. सवय. पाय आपोआप काउंटरकडे वळले. नवरा, दोन्ही पोरं माझ्यामागे. सुलभाताई आणि बाकीच्या बायका त्यांच्या मागे. काउंटरवरचा माणूस टोपी सारखी करत म्हणाला, "बोलो अम्मा, कित्ते लोगां हैं तुम्हारे?"

मी मागे वळून बघितलं. एकेक चेहरा बघितला.

"चार," मी म्हणाले.

"चार काय?" सुलभाताई हसल्या. "अगं, बसभर माणसं आहोत आपण."

"तुम्ही बसभर आहात. माझी माणसं चार."

"म्हणजे? काय झालं?"

"सकाळी माझा डबा ड्रायव्हरला का दिलात?"

"अगं, तो उपाशी होता!"

"मग त्याला शिरा द्यायचा होता. उरला होता की."

माझा आवाज चढला होता, मला ऐकू येत होता. शेजारच्या रांगेतली माणसं बघायला लागली.

"हा बघा, तव्यावर माणूस उभा आहे. त्याचं गाव विचारलंत? आडनाव विचारलंत? त्याच्या हातचं खायला तुम्ही रांगेत उभ्या आहात. माझ्या हातचं का नाही?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू द्या."

सुलभाताईंचा चेहरा लाल झाला. मग त्या शांतपणे बोलल्या, शाळेत मुलांशी बोलतात तशा. "हे बघ, आमच्या मनात असलं काही नसतं. तुम्ही लोकच ते मनात घेऊन फिरता."

तुम्ही लोक.

मी ऋचाकडे बघितलं. तिने सकाळी हात पुढे केला होता, तो कुणी अडवला हे तिने अगदी जवळून बघितलं होतं. ती मोबाइलमध्ये बघायला लागली.

"चल गं," नवरा म्हणाला. "पोरं बघायलेत."

"त्यांनाच बघायचंय," मी म्हणाले. "ते बघायलाच पाहिजे त्यांनी."

मग मी चार डोसे घेतले. भाव केला नाही. आम्ही चौघं वेगळ्या टेबलावर बसलो. पोरीने तिच्या डोशाचा तुकडा माझ्या तोंडासमोर धरला. मी खाल्ला.

संध्याकाळी बसजवळ यादगिरीने डबा परत आणून दिला. नळावर धुतलेला. "अम्मा, चाला बागुंदि," म्हणाला, फार छान झालं होतं. दोन धपाटे त्याने घरी न्यायला बाजूला ठेवले होते, तेही सांगितलं. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी त्याला मायेने वाढलं असतं तर ती गोष्ट वेगळी. त्यांनी ते रांगेतून उचलून त्याच्यापुढे टाकलं. तो उपाशी आहे की नाही हे कुणी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. माझं टाकायला त्यांना एक जागा हवी होती, तेवढंच. हे त्याला सांगावं असं तोंडावर आलं होतं. नाही सांगितलं. त्याने चवीने खाल्लं होतं.

बस निघाली. पुढे अंताक्षरी सुरू झाली, आमच्या बाकाजवळ येऊन थांबत होती. विद्यानगर यायच्या आधी सुलभाताईंच्या यजमानांनी उभं राहून पुढचा कार्यक्रम सांगितला. कोजागिरी, त्यांच्याच गच्चीवर. मग नेहमीप्रमाणे, अमक्यांनी भेळ, तमक्यांनी भजी. "आणि प्लेटा, ग्लास..." सवयीने त्यांची नजर माझ्याकडे वळली आणि ते अडखळले.

मी उभी राहिले. बस हलत होती, वरचा दांडा धरला.

"दूध मी आणते," मी म्हणाले.

"अहो, दूध दरवर्षी आमच्याकडेच..."

"यंदा माझ्याकडे. आटवून आणते. केशर, वेलची, चारोळी, सगळं घालून."

"बघू," सुलभाताई पुढच्या बाकावरून म्हणाल्या, मागे न बघता.

"बघू नाही. आणते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी नाही म्हटलं नाही. गाणं पुन्हा सुरू झालं, जरा मोठ्याने.

मी मंडळ सोडणार नाही. सोडलं तर त्यांचं काम सोपं होईल, आणि मी आजवर कुणाचा सौदा सोपा केलेला नाही. प्लेटा यापुढे आमच्याकडे नाहीत, पातळ नाहीत आणि जाडही नाहीत. कोजागिरीला मी दुधाचं पातेलं घेऊन त्यांच्या पुढच्या दाराने वर जाईन. माझी पोरगी सोबत असेल. झाकण मी काढेन. पळी माझ्या हातात असेल, आणि पेला मी प्रत्येकाच्या हातात देईन, सुलभाताईंपासून सुरुवात करून. ज्याला प्यायचं नाही त्याने सगळ्यांसमोर, माझ्या पोरीच्या तोंडावर, का नाही ते सांगावं. उपास आहे, पोट बिघडलंय, आत्ताच घेऊन आले, यातलं काही मी ऐकून घेणार नाही.

आयुष्यभर मी प्रत्येक गोष्टीचा भाव केला. याचा करणार नाही.